उसना श्वास



घरच्या माणसाला ‘व्हेंटिलेटर लावला’ असे कळले की आपण आशा सोडून देतो. तसे करू नये. न्यूमोनिया, लेप्टो, कोविड अशा आजारांत कधी कधी फुप्फुसांतील हवेच्या बारीक पिशव्यांत पाणी भरते आणि प्राणवायू रक्तात पोहोचत नाही. यंत्र हा आजार बरा करीत नाही. शरीराला सावरायला ते वेळ मिळवून देते. पूर्वी अशा रुग्णांना यंत्राने मोठे श्वास देत, त्याने फुप्फुसांना आणखी इजा होई. २००० साली अमेरिकेतील ८६१ रुग्णांच्या अभ्यासात दिसले, की लहान श्वास दिल्यास मृत्यू शंभरांत चाळीसवरून एकतीसवर येतात.

परमेश्वराने मातीच्या मानवात श्वास फुंकला, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. हे दान जपणे आपले कर्तव्य आहे. म्हणून बरे होण्याची आशा असेल तर केवळ भीतीपोटी यंत्र नाकारू नये.

पण कधी सर्व उपाय थकतात. मग नातेवाईक विचारतात, “फादर, यंत्र काढायला होकार दिला तर आम्ही जीव घेतला असे होईल का?” हाच प्रश्न डॉक्टरांनी पोप बारावे पायस ह्यांच्यापुढे ठेवला होता. २४ नोव्हेंबर १९५७ रोजी त्यांनी उत्तर दिले : जीव राखण्यासाठी सामान्य उपाय करणे बंधनकारक आहे, रुग्णावर वा कुटुंबावर फार मोठा भार टाकणारे उपाय बंधनकारक नाहीत. आशा उरली नसेल तर यंत्र थांबविता येते. तेथे मरण आजाराने येते, आपल्या हाताने नव्हे. मात्र जीव घेण्याच्या हेतूने औषध टोचणे हे पापच आहे. निर्णय घेताना रुग्णाची इच्छा, डॉक्टरांचा सल्ला आणि देशाचा कायदा पाहावा. ज्यांनी असा जड निर्णय प्रार्थनापूर्वक घेतला, त्यांनी मनात अपराधाचे ओझे वाहू नये.

एक कळकळीची विनंती. घशात नळी गेल्यावर रुग्णाला बोलता येत नाही. पापनिवेदन करायचे, ख्रिस्तशरीर स्वीकारायचे, मुलांशी दोन शब्द बोलायचे, ते त्याआधीच. तेव्हा आजार गंभीर होताच धर्मगुरूंना बोलवा. रुग्णाभ्यंग हा केवळ मरणाऱ्यांचा संस्कार नाही. तो बळ देणारा संस्कार आहे. रुग्ण बेशुद्ध असला तरी तो देता येतो.

आज मिस्सामध्ये यंत्राच्या आधाराने श्वास घेणाऱ्या सर्वांसाठी आणि रात्रभर त्यांच्या उशाशी जागणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांसाठी प्रार्थना करू या. आमेन.