शेजारची जागा

'काँट्रा' या खेळातला तिसरा टप्पा धबधब्याचा आहे. दोन शिपाई खडकांवरून उड्या मारत वर चढतात आणि जो पुढे जाईल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो. मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या कडेखाली जातो आणि मरतो. शत्रूची गोळी लागून नव्हे, सोबत्याच्या घाईने. सांगलीला मामाच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी या धबधब्यात किती वेळा मेले असेन याची गणती नाही. मामेभाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा, हात चपळ. मी ओरडायचे, "दादा, थांब ना!" पहिला आठवडाभर तो थांबला नाही. मग एकट्याने पुढचा टप्पा निभत नाही हे त्याच्या लक्षात आले आणि तो एका खडकावर उभा राहून माझी वाट बघायला लागला.

व्हिडिओ गेमबद्दलचे माझे मत त्या खडकावर सुरू झाले. त्यानंतरच्या तीसेक वर्षांत ते दोनदा बदलले.

त्या काळी घरातल्या मोठ्यांचे मत ठरलेले होते. डोळे जातील, टीव्हीची पिक्चर ट्यूब जाईल आणि मुले एकलकोंडी होतील. पहिल्या दोन गोष्टींची आम्हाला भीती वाटायची. तिसरी कळायचीच नाही, कारण दोन रिमोट आणि सहा मुले असा आमचा हिशेब होता. मेला की रिमोट द्यायचा. शेजारच्या घरातला सगळ्यात धाकटा लिंबूटिंबू. लगोरीत जसे त्याच्यावर राज्य येत नाही, तसे इथे त्याच्या हातात वायर न जोडलेला तिसरा रिमोट असायचा आणि पडद्यावर जे काही घडेल ते आपणच करतो आहोत अशा आनंदात तो बटणे दाबत बसायचा. एकलकोंडेपणा यात नक्की कुठे आहे, हा प्रश्न मला तेव्हा नीट विचारता आला नाही. मोठेपणी त्याचे उत्तर शोधायला लागले आणि थेट १९६२ सालापर्यंत मागे गेले.

त्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' तयार केला. हे बहुतेक सगळे आगगाडीच्या मॉडेलांचा नाद असलेल्या विद्यार्थ्यांच्या क्लबातले. यंत्र होते पीडीपी-१, सुमारे १ लाख २० हजार डॉलर किमतीचे. मधे एक तारा, त्याचे गुरुत्वाकर्षण आणि त्याच्याभोवती एकमेकांवर नेम धरणारी दोन याने. यंत्राला स्वतः प्रतिस्पर्धी होता येत नव्हते, त्यामुळे खेळायला दोन माणसे लागतच. यंत्रावरच्या कळा दाबून दाबून कोपरे दुखायला लागली, तेव्हा ॲलन कोटोक आणि बॉब साँडर्स या दोघांनी हाताशी पडलेल्या सामानातून दोन वेगळ्या पेट्या बनवल्या. मला या पेट्यांचे फार अप्रूप वाटते. खेळणाऱ्याच्या हातातले ते पहिल्या काही साधनांपैकी एक, आणि ते जन्माला आले तेच जोडीने.

दहा वर्षांनी, १९ ऑक्टोबर १९७२ रोजी, स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत याच खेळाची स्पर्धा झाली. बक्षीस होते 'रोलिंग स्टोन' नियतकालिकाची वर्गणी. स्ट्युअर्ट ब्रँड याने तिच्यावर लेख लिहिला आणि छायाचित्रे ॲनी लीबोविट्झ यांनी काढली. व्हिडिओ गेमसाठी माणसे जमली आणि त्या जमण्याचीच बातमी झाली, असा हा फार लवकरचा प्रसंग. त्याच वर्षी घरच्या टीव्हीला जोडायचा 'ऑडिसी' बाजारात आला आणि सनीवेलमधल्या एका बारमध्ये 'पाँग'चे पहिले यंत्र बसले. ते अचानक बंद पडले म्हणून ते बांधणारा ॲल अल्कॉर्न बघायला गेला, तर नाण्यांची पेटी ओसंडून वाहत होती. ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. पण 'पाँग'ही दोघांचा आणि 'ऑडिसी'ही दोघांचा, हे फारसे कोणी सांगत नाही. एकट्याने यंत्राशी लढायची सोय दोन्हींत नव्हती.

एकटेपणा आला तो नंतर. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो याचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला. समोर माणूस नाही, यंत्र आहे. ते हरत नाही, फक्त वेगवान होत जाते. पडद्याच्या वर एक आकडा लिहिलेला, आजवरचा सर्वांत मोठा. पुढे 'ॲस्टेरॉइड्स'सारख्या खेळांनी त्या आकड्याशेजारी तीन अक्षरे लिहायची सोय दिली. शेजारी उभा असलेला माणूस आक्रसत आक्रसत तीन अक्षरांएवढा झाला. तरीही माणसांनी यंत्राभोवतीची गर्दी सोडली नाही, ती तीन अक्षरे कोणाची हे त्या गर्दीला ठाऊक असायचे. १९९१ मध्ये 'स्ट्रीट फायटर २' आल्यावर शेजारचा माणूस पुन्हा सगळाच्या सगळा परत आला. अमेरिकेतल्या पार्लरमध्ये एक रीत पडली होती. पडद्याच्या कडेवर आपले नाणे ठेवून द्यायचे, म्हणजे पुढचा डाव आपला. यंत्रात तशी काही सोय नव्हती, माणसांनी ती यंत्राच्या काठावर केली.

सांगलीला एसटी स्टँडजवळ असेच एक व्हिडिओ पार्लर होते. दादा आत जायचा आणि मी बाहेर त्याची सायकल धरून उभी राहायचे. मुलींनी आत जायचे नाही असे कोणी म्हटले नव्हते. म्हणायची गरजच नव्हती. आतला आरडाओरडा रस्त्यावर ऐकू यायचा. ऊन उतरेपर्यंत मी तिथे उभी असायचे आणि दादा बाहेर आला की कोण जिंकले ते विचारायचे. जमण्याविषयी लिहिताना मी ही सायकल विसरू शकत नाही.

डिसेंबर १९९३ मध्ये आयडी सॉफ्टवेअरचा 'डूम' आला आणि चार संगणक तारांनी जोडून एकमेकांशी लढता येऊ लागले. घरची इंटरनेटची जोडणी संथ होती, म्हणून लोक आपला जडशीळ मॉनिटर गाडीत घालून मित्राच्या तळघरात नेऊ लागले. स्वीडनमधल्या मालुंग या लहानशा गावात, एका शाळेत सुरू झालेल्या अशाच मित्रमेळ्याचा पुढे 'ड्रीमहॅक' झाला. २००७ च्या हिवाळ्यात यॉनशॉपिंगच्या प्रदर्शनगृहात त्यांनी १०,५४४ संगणक एका जाळ्यात जोडले होते. दक्षिण कोरियाची वाट वेगळी. १९९७ च्या आर्थिक संकटात नोकऱ्या गेलेल्या अनेकांनी संगणकांची दुकाने थाटली, त्यांना तिथे 'पीसी बांग' म्हणतात. पुढच्याच वर्षी 'स्टारक्राफ्ट' आला आणि ती भरून वाहू लागली. ज्यांना घरात जागा नव्हती, काम नव्हते, त्यांना तासाच्या भाड्यावर एक खुर्ची आणि शेजारी मित्र मिळाला.

पुण्यात माझ्या कॉलेजजवळच्या सायबर कॅफेत २००४ च्या सुमारास 'काउंटर-स्ट्राइक' चालायचा. आम्ही मुली तिथे फॉर्म भरायला आणि निकाल बघायला जायचो. प्लायवूडच्या पलीकडून "मागून आला रे, मागून!" अशी आरोळी यायची आणि माझी बोटे कीबोर्डवर थबकायची. एकदा धीर करून मी विचारले, मला एक डाव मिळेल का? त्यांनी दिला, त्यात वाईटपणा काही नव्हता. पण सगळे एकदम गप्प झाले, सांभाळून बोलू लागले आणि मी उठल्यावर आवाज पुन्हा पूर्ववत झाला.

तरी माझे पहिले मत याच काळात पक्के झाले. खेळ म्हणजे एका खोलीत, खांद्याला खांदा लावून. बाकी सगळी नक्कल. पुढच्या दहा वर्षांत जे झाले त्याने ते आणखी घट्ट झाले. इंटरनेटवर खेळणे सोपे झाले तसे घरातला दुसरा रिमोट अडगळीत गेला. मित्रांच्या एकत्र बसण्यावरच जो वाढला त्या 'हेलो'च्या पाचव्या भागात, २०१५ मध्ये, एकाच पडद्याचे भाग करून खेळायची सोयच काढून टाकली. शेजारच्या माणसाची जागा गणिताने घेतली. यंत्र तुमच्या वकुबाचा अनोळखी माणूस शोधून देते, डाव संपतो, तो माणूस नाहीसा होतो. बरोबरीच्यांची जोडी लावणे न्याय्य आहे, मान्य. पण त्यात लिंबूटिंबूला जागा नाही. आणि बाईचा आवाज ऐकताच काय काय बोलले जाते, ते मी एकदा ऐकले आणि माइक बंद केला. तो आठ वर्षे बंद होता.

या खेळांवरचे सार्वजनिक वाद मी लक्ष देऊन वाचले. १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये 'मॉर्टल काँबॅट'मधल्या हिंसेवर सुनावणी झाली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला विकारांच्या यादीत घेतले. २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना त्यातून वेगळे काढले. ही शेवटची रेघ ओढायला हवीच होती असे मला मनापासून वाटते. पडद्यावर काय दिसते, किती तास गेले, किती पैसे गेले हे सगळे विचारले गेले. मूल खेळते तेव्हा शेजारी कोण असते, हे कोणी विचारताना मी ऐकले नाही.

मत हलायला सुरुवात झाली ती २०१९ मध्ये. लाहोरचा अर्सलान ॲश याने आधी जपानमध्ये आणि मग लास वेगासच्या 'ईव्हो' स्पर्धेत 'टेकन ७'चे विजेतेपद मिळवले. वेगासच्या अंतिम सामन्यात त्याने हरवले ते कोरियाच्या 'नी' या दिग्गजाला. जगाला अर्सलान माहीत नव्हता, कारण तो वाढला लाहोरच्या टोकन टाकून खेळायच्या पार्लरांत. तो म्हणत राहिला की आमच्याकडे माझ्यासारखे आणखी आहेत. नी स्वतः पाकिस्तानात जाऊन त्यांच्याशी खेळून आला. मला यात माझ्या मताचा विजयच दिसला. बघा, खोलीच शिकवते! म्हणून मी ईव्होविषयी आणखी वाचू लागले. तिथे प्रवेश सर्वांना खुला असतो. शुल्क भरलेला कोणीही नवखा पहिल्याच फेरीत जगज्जेत्यासमोर बसू शकतो. म्हणजे लिंबूटिंबूला तिथे वायर जोडलेला रिमोट मिळतो.

आणि तिथेच टोनी कॅनन हे नाव समोर आले. तो ईव्होच्या संस्थापकांपैकी एक. मारामारीच्या खेळात पडदा सेकंदाला ६० वेळा बदलतो आणि एवढ्याशा अंतराने डाव फिरतो. दूरवरून खेळताना सगळे अडखळते. याचा वैताग येऊन कॅननने २००६ मध्ये 'जीजीपीओ' ही प्रणाली लिहिली. पलीकडच्या माणसाची चाल पोहोचेपर्यंत थांबायचे नाही, तो आता काय करत असेल याचा अंदाज बांधून पुढे जायचे. अंदाज चुकला तर चुकल्या क्षणापर्यंत गुपचूप मागे यायचे आणि खरी चाल घेऊन पुन्हा पुढे. मी हे वाचून थांबलेच. जगातल्या एका मोठ्या जमावाचा यजमान दूरच्या माणसाला शेजारी बसवण्यासाठी खपत होता. त्याला खोली आणि तार यांत भांडण दिसले नव्हते. ते मला दिसत होते.

उरलेले मत मॅट्स स्टीनने बदलले. नॉर्वेचा हा मुलगा स्नायू दुबळे करत नेणाऱ्या आजाराने २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी गेला. शेवटची वर्षे तो चाकाच्या खुर्चीत, 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळत होता. मुलाला मित्र मिळाले नाहीत, प्रेम मिळाले नाही, याचे आईवडिलांना दुःख होते. त्याच्या जाण्याची बातमी त्यांनी कळवली आणि युरोपभरातून पत्रे येऊ लागली. खेळात तो इबेलिन नावाने वावरायचा. एका आईला आणि तिच्या स्वमग्न मुलाला खेळातून एकमेकांशी बोलायचा मार्ग त्याने दाखवला होता. अंत्यविधीला त्याच्या गटातले सोबती वेगवेगळ्या देशांतून ऑस्लोला आले. २०२४ मध्ये त्याच्यावरचा माहितीपट आला. तो बघताना मला सांगलीचे पार्लर आठवत राहिले. मी ज्या खोलीची एवढी महती गात होते तिच्या दाराशी मी सायकल धरून उभी होते आणि मॅट्स असता तर पायऱ्यांखाली असता.

खोलीचे प्रेम माझे अजून गेलेले नाही. स्वीडनच्या हेझलाइट या कंपनीने २०२१ मध्ये 'इट टेक्स टू' आणला, जो एकट्याने खेळताच येत नाही. एकाने विकत घेतला की दुसऱ्याला सोबत खेळायला तो फुकट. तो मी दादाबरोबर दोन दिवाळ्यांत एका सोफ्यावर बसून संपवला आणि त्या दिवाळ्या मला कुठल्याही फराळाहून गोड गेल्या.

पण गेल्या पावसाळ्यातली एक रात्र सांगायला हवी. चौघांनी मिळून एक किल्ला राखायचा असा खेळ होता, चौघेही अनोळखी. त्यांतला एक सारखा मागे पडत होता, तटावरून खाली घसरत होता. बाकीचे दोघे चिडून निघून गेले. तो पडद्यावर लिहीत राहिला, सॉरी, सॉरी, सॉरी. लिहिण्यात वेळ जायचा आणि तो आणखी मागे पडायचा. मी माइक सुरू केला. आठ वर्षांनी, घसा खाकरून, हिंदीत म्हणाले, "मी वर पायरीवर थांबलेय. घाई नको, ये." बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग पलीकडून एका लहान मुलाचा श्वास ऐकू आला, आणि त्याचा शिपाई पहिली पायरी चढला.