सुधारित अंदाज

'अंदाज' हा शब्द आपल्याकडे आला फारसीतून, आणि तिथं त्याच्या मुळाशी 'फेकणे' हे क्रियापद आहे. पटत नसेल तर त्याचे भाऊबंद पाहा. तीर फेकतो तो तिरंदाज. तोफेचा गोळा फेकतो तो गोलंदाज. तोफा गेल्या तेव्हा बिचारा क्रिकेटमध्ये नोकरीला लागला. मग नुसताच अंदाज फेकणाऱ्याला काय म्हणायचं? आमच्या शाखेत त्याला 'माहितगार' म्हणतात.

फेकण्याला माझी हरकत नाही. आमटीत मीठ अंदाजानंच पडतं. आमच्या हिला त्यासाठी आजवर तराजू लागलेला नाही. सरकारही दर वर्षी आकडे फेकतं आणि त्याला उघडपणे अंदाजपत्रक म्हणतं. पण सरकारचा एक गुण घेण्यासारखा आहे. पुढच्या वर्षीच्या कागदांत 'सुधारित अंदाज' असा रकाना येतो आणि त्याच्या पुढच्या वर्षी 'प्रत्यक्ष'. फेकलेलं कुठं पडलं, ते लेखी कळतं.

माणसांबद्दलच्या अंदाजांना हे पुढचे रकानेच नसतात. एकदा आमच्याकडे संध्याकाळी रोकड 500 रुपयांनी कमी भरली. शिपायाच्या मुलीचं लग्न महिन्यावर आलेलं. पहिल्या टेबलावर, 'त्यानं तर नसतील ना घेतले?' दुसऱ्यावर, 'त्यानंच, बहुतेक.' तिसऱ्या टेबलापर्यंत 'बहुतेक' गळून पडलं. साडेसहाला नोट सापडली. कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटून एका गड्डीत 100 च्या 101 झाल्या होत्या. रोकड जुळली, मंडळी डबे उचलून घरी गेली. शिपायाशी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी मी एकाला छेडलं तर म्हणाला, ''आम्ही आरोप कुठं केला? नुसता अंदाज केला!''

इथंच या शब्दाची खरी सोय आहे. तीर लागला तर निदान तिरंदाज शोधता येतो. अंदाज लागतो, पण फेकणारा सापडत नाही.

बँकेत ज्या रकमेचा धनी कळत नाही, ती सस्पेन्स खात्यात ठेवतात. पुरावा हाती येईपर्यंत ती कोणाच्याही नावे टाकत नाहीत. असं एक खातं प्रत्येकानं डोक्यात उघडावं. किमान शिल्लक रकमेची अट नाही. थोडी लाज शिल्लक असली म्हणजे पुरे.