उघडं काय राहिलं?

मराठी विकिपीडियाच्या सगळ्या लेखांची एक्सएमएल फाइल एका नवख्या प्रोग्रामरच्या हाती आली. त्यातले गावांवरचे लेख वेचून कोश करायचा होता. फाइल मोठी, अख्खी मेमरीत मावेना. म्हणून त्याने सॅक्स पद्धतीचा पार्सर घेतला. १९९८पासून चालत आलेली ही रीत: टॅग उघडला की सांगायचं, मिटला की सांगायचं, मागचा मजकूर जवळ ठेवायचा नाही, फक्त कोणते टॅग उघडे आहेत तेवढं लक्षात ठेवायचं. मेमरी वाचते, पण मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्या ओळीपासून.

म्हणून तो किती अक्षरं वाचून झाली ते दर मिनिटाला लिहून ठेवू लागला. वीज गेली, आली. तेवढे बाइट ओलांडून पाहिलं, तर कधीच होऊन गेलेलं पान समोर! यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं असतं. मग त्याने बाइटच मोजले. जागा अचूक सापडली, पण पार्सर पहिल्याच टॅगला अडला. हा टॅग मिटतोय, पण उघडला कधी?

तो पुन्हा पुन्हा आकडाच तपासत बसला. शेजारच्या ताईंनी विचारलं, "नळ-दमयंतीची गोष्ट कोण कोणाला सांगतं?"

"बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला."

"आणि ती हकिकत?"

"वैशंपायन जनमेजयाला. आणि ते सगळं सौती शौनकांना."

"मग स्वयंवरापाशी पोथी मिटलीस, तर उद्या नुसता पानाचा आकडा पुरेल? गोष्ट संपल्यावर कोणाकडे परतायचं, ते त्या आकड्यात नाही."

त्याने जागेसोबत उघड्या टॅगांची उतरंड लिहायला घेतली: मीडियाविकी, त्यात पेज, त्यात रिव्हिजन, त्यात टेक्स्ट. शिवाय नेमस्पेस, अर्धवट साठलेला मजकूर. यादी लांबतच गेली.

ताईंनी ती वाचली. "एवढं जपावं लागतंय, कारण तू कुठेही थांबतोस. पेज मिटलं की थांब. तेव्हा बाहेरचा एकच टॅग उघडा असतो."

विकिपीडियाच्या मल्टिस्ट्रीम फाइलमध्येही शंभर-शंभर पानांचे गठ्ठे वेगवेगळे दाबलेले असतात, आणि कोणतं पान कितव्या बाइटपासूनच्या गठ्ठ्यात आहे याची सूची सोबत मिळते. परतणाऱ्याची एवढी काळजी आधीच घेऊन ठेवणं मला फार मोलाचं वाटतं.

प्रोग्रामरने पेज मिटल्यावरच नोंद करायची असं ठरवलं. परतताना तो नव्या पार्सरला आधी मीडियाविकीचा उघडा टॅग भरवायचा, मग फाइलचा पुढचा भाग. वाचन सुरळीत झालं, तरी कोशात काही गावं दोनदा आली. वेचलेलं गाव लगेच लिहिलं जाई, जागेची नोंद मात्र मिनिटाने. मधे वीज गेली की तीच पानं पुन्हा वाचली जात. गाव आणि जागा डेटाबेसच्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहू लागल्यावर ते थांबलं.