हद्दीचं ठिकाण, मदतीचं ठिकाण

टेलिमेडिसिनच्या चर्चेत अलीकडे एक मागणी वारंवार ऐकू येते. व्हिडिओ कॉल जोडण्याआधी रुग्णाच्या मोबाइलचं लोकेशन आपोआप तपासावं, ते सर्व्हरवर नोंदवून ठेवावं आणि रुग्णाने लोकेशन द्यायला नकार दिला तर कॉल लागूच नये. नोंदणीच्या हद्दीबाहेर उपचार केल्याचा ठपका डॉक्टरवर येऊ नये आणि रुग्णालाही संरक्षण मिळावं, असं तिचं समर्थन केलं जातं. मला ही मागणी उथळ वाटते. जालन्यासारख्या जिल्ह्यात ती अमलात आली, तर टेलिमेडिसिन ज्यांच्यासाठी आणलं त्यांनाच ती दाराबाहेर ठेवेल. रुग्ण आत्ता नेमका कुठे आहे, हा तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र अगदी खरा आहे. तो भलत्याच कारणासाठी विचारला जातोय, म्हणून हा लेख.

मागणीचं माहेर अमेरिका. तिथे डॉक्टरचा परवाना राज्य देतं. राज्यांचा हा अधिकार तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८९ साली डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया या खटल्यात मान्य केला. रुग्ण जिथे बसला आहे तिथे उपचार घडतो, असं ही राज्यं धरतात, त्यामुळे डॉक्टरकडे रुग्णाच्या राज्याचा परवाना लागतो. कोविडच्या काळात काही सवलती मिळाल्या आणि पुढे त्या संपल्या. मग आपल्या नेहमीच्या तज्ज्ञाशी बोलण्यासाठी रुग्ण गाडी काढून राज्याची सीमा ओलांडतात आणि पार्किंगमध्ये बसून व्हिडिओ कॉल करतात, अशा बातम्या तिथल्या वर्तमानपत्रांत आल्या. युरोपीय संघाने याच्या बरोबर उलट ठरवलं आहे. सीमापार उपचारांविषयीच्या २०११च्या निर्देशानुसार, टेलिमेडिसिनमधला उपचार डॉक्टर ज्या देशात आहे त्या देशात झाला असं मानलं जातं. म्हणजे उपचार कुठे घडला, हे कायदा ठरवतो, आणि कायदा ते वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं ठरवू शकतो.

आपण हा प्रश्न देशापुरता मिटवलेला आहे. २५ मार्च २०२० रोजी, देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली. पुढे ती डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेला परिशिष्ट म्हणून जोडली गेली. राज्याच्या किंवा राष्ट्रीय नोंदवहीत नाव असलेल्या डॉक्टरला भारतातल्या कोणत्याही भागातल्या रुग्णाला सल्ला देता येतो, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. घटनेने सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत ठेवलं असलं तरी वैद्यकीय व्यवसाय समवर्ती सूचीत ठेवला, त्याचं हे फळ. भारताच्या अधिकारक्षेत्राबाहेरचे सल्ले मात्र या तत्त्वांच्या कक्षेतून वगळलेले आहेत. तेव्हा परवान्यासाठी ठिकाण तपासायचं झालंच, तर आपल्याकडे एकच गोष्ट तपासावी लागते: माणूस देशात आहे की देशाबाहेर. त्यासाठी गल्लीबोळापर्यंतचं लोकेशन कशाला हवं?

आता जालना जिल्ह्याकडे पाहू. दसरा-दिवाळीनंतर मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता, बरोबर लेकरं आणि कधीकधी म्हातारी माणसंही. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर किंवा थेट कर्नाटकात मुक्काम पडतो आणि तो हंगाम संपेपर्यंत कोप्यांमध्येच असतो. या माणसांच्या आधार कार्डावरचा पत्ता आणि त्यांचा प्रत्यक्ष ठावठिकाणा यांचा अर्धं वर्ष मेळ बसत नाही.

समजा, मंठा तालुक्यातली सात महिन्यांची गरोदर बाई बेळगाव जिल्ह्यातल्या एका फडावर आहे. पायांवर सूज आहे, डोकं सारखं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते. नवऱ्याच्या फोनवरून ती महाराष्ट्रातल्या डॉक्टरशी बोलते. कायद्याने इथे काहीच अडत नाही. कर्नाटकातल्या रुग्णाला महाराष्ट्रातला डॉक्टर सल्ला देऊ शकतो. डॉक्टरला रक्तदाबाची शंका येते आणि हिला तासाभरात रुग्णालयात पोचवायला हवं हे त्याच्या लक्षात येतं. त्या क्षणी त्याला काय माहीत हवं? गावाचं नाव, कोणत्या कारखान्याची टोळी आहे, जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं, कोप्यांपर्यंत गाडी येते की डांबरी रस्त्यापर्यंत चालत जावं लागेल, मोटारसायकल कोणाकडे आहे, मुकादमाचा नंबर काय. डॉक्टरने जालन्यात बसून १०८ फिरवला तर तो महाराष्ट्राच्या केंद्राला लागणार; कर्नाटकाची १०८ सेवा वेगळी आहे. म्हणून हा फोन फडावरूनच कोणीतरी करायला हवा आणि हे डॉक्टरला त्याच मिनिटाला सुचायला हवं. सक्तीच्या लोकेशनची व्यवस्था त्याला यातलं काय देणार? उसाच्या फडावरचा एक ठिपका, आणि तोही बहुधा सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या नोंदीत. डॉक्टरच्या डोळ्यांसमोर तो असेलच, याची खात्री कोणी दिलेली नाही.

यावर सक्तीचे समर्थक म्हणतात की काही नसण्यापेक्षा ठिपका बरा. वरवर पाहता हे पटतं, पण ठिपका किती भरवशाचा आहे ते पाहायला हवं. इंटरनेटच्या आयपी पत्त्यावरून ठिकाण काढलं, तर मोबाइल डेटा वापरणारा माणूस पुष्कळदा शेकडो किलोमीटर दूरच्या शहरात दिसतो, कारण कंपनीचं जाळं बाहेरच्या इंटरनेटला तिथे जोडलेलं असतं. भोकरदनचा रुग्ण मुंबईत दिसला, तर त्यात त्याची लबाडी नसते. फोनचं जीपीएस याहून अचूक आहे, हे मी मान्य करतो. पण कोपीत, पत्र्याच्या खोलीत, जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या स्टील कारखान्याच्या शेडमध्ये त्याला वेळ लागतो, जुन्या हँडसेटवर ते रेंगाळतं, आणि खोटं लोकेशन दाखवणारी ॲप कोणालाही फुकट मिळतात. ज्याला फसवायचं आहे तो या व्यवस्थेला सहज फसवेल. अडकेल तो फोनमधली परवानगीची खिडकी न वाचता ‘नको’ दाबणारा म्हातारा.

मग पुढचा बचाव येतो: निदान पुरावा तरी राहतो. पुरावा कशाचा आणि कोणासाठी? २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे तो दाद मागू शकतो. पुण्याच्या डॉक्टरविरुद्ध जालन्याच्या जिल्हा आयोगात तक्रार करायला कॉलच्या वेळचे अक्षांश-रेखांश लागत नाहीत. उद्या एखाद्या खटल्यात डॉक्टरला विचारलं जाईल, ते रुग्णाला धोका आहे हे कळल्यावर तू काय केलंस, हे. त्याचं उत्तर सर्व्हरवरच्या आकड्यांत सापडत नाही. ते डॉक्टरने स्वतः लिहिलेल्या टिपणात सापडतं.

आपल्याकडच्या डॉक्टरांच्या मनात भीती आहे, हे मी नाकारत नाही. २०१८ साली रत्नागिरीतल्या एका प्रकरणात बाळंतीण दगावली. डॉक्टर गावात नव्हते आणि फोनवर दिलेल्या सूचनांवर उपचार झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाने त्या डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हापासून फोनवर औषध सांगायचं की नाही, हा प्रश्न राज्यातल्या डॉक्टरांना छळत राहिला. २०२०च्या तत्त्वांनी तो बराचसा सोडवला. पण या प्रकरणात दुखण्याची जागा कोणती होती? रुग्ण कुठे आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. ती रुग्णालयातच होती. तिच्याजवळ निर्णय घेऊ शकणारं कोण आहे, याचं उत्तर नव्हतं. ठिकाण ठाऊक असूनही मदत पोचत नाही, असं होऊ शकतं, आणि लोकेशनची सक्ती करणाऱ्यांना हीच गोष्ट दिसत नाही.

म्हणून मी दोन ठिकाणं वेगळी धरतो. एक हद्दीचं ठिकाण. डॉक्टरला सल्ला द्यायचा अधिकार आहे का, एवढंच ते सांगतं. ते ढोबळ असलं तरी भागतं आणि एकदा विचारलं की पुरे. दुसरं मदतीचं ठिकाण. ते बारीक असावं लागतं, दर कॉलला नव्याने विचारावं लागतं, आणि ते डॉक्टरच्या डोक्यात असावं लागतं. पण या दोहोंतला खरा फरक रुग्णाच्या मनात घडतो. परवानगीसाठी ठिकाण विचारलं, की खोटं बोलण्याचं कारण तयार होतं. जर्मनीत शिकणारा जालन्याचा मुलगा रात्री पोटात दुखायला लागल्यावर घरच्या डॉक्टरांना कॉल करतो. देशाबाहेर असल्याचं कळलं तर कॉल तुटेल हे माहीत असेल, तर तो सरळ सांगेल की संभाजीनगरच्या हॉस्टेलवर आहे. मग डॉक्टर त्याला तिथल्या घाटी रुग्णालयात जा म्हणतील आणि तो सल्ला वाया जाईल. तुझ्यापर्यंत मदत पोचवायची आहे म्हणून विचारलं, तर तोच मुलगा म्युनिकमधला आपला पत्ता मजल्यासकट सांगेल. डॉक्टरही त्याला औषध लिहून न देता तिथल्या आपत्कालीन सेवेला फोन करायला लावू शकतील. हद्दीचा प्रश्न आधी आणि दाराशी उभा केला, की मदतीच्या प्रश्नाचं उत्तरही नासतं. एकच माहिती दोन्ही कामांना वापरू, असं म्हणणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार केलेला नाही.

ठिकाणाशी देणंघेणंच नाही, असं म्हणणाराही एक पक्ष आहे. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर जीव द्यायला निघालेल्या माणसाशी बोलणाऱ्या समुपदेशकाला ते कोणीही पटवून देऊ शकणार नाही. आणि गोपनीयतेचं नाव घेऊन ठिकाण विचारूच नये म्हणणाऱ्यांना २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा अर्थ समजलेला नाही; ठिकाण विचारायला तो मनाई करत नाही, एवढंच म्हणेन.

मदतीच्या ठिकाणाची व्यवस्था आपल्याकडे मुळीच नाही असंही नाही. ‘ई-संजीवनी’ या सरकारी टेलिमेडिसिन सेवेच्या ज्या प्रकारात रुग्ण उपकेंद्रात, म्हणजे आजच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात येतो आणि तिथला समुदाय आरोग्य अधिकारी पडद्यापलीकडच्या डॉक्टरशी त्याची गाठ घालून देतो, तिथे हा प्रश्न आपोआप सुटलेला असतो. रुग्णाशेजारी प्रशिक्षित माणूस असतो, बीपीचं यंत्र असतं, आणि गाडी कुठे बोलवायची हे त्या माणसाला पाठ असतं. लोकेशन घेतलं म्हणून ही व्यवस्था सुरक्षित झालेली नाही. रुग्णाजवळ कोणीतरी आहे म्हणून झाली आहे. घरातून किंवा फडावरून थेट होणाऱ्या कॉलमध्ये हीच उणीव असते आणि ती एका प्रश्नाने पुष्कळ भरून निघते.

२०२०च्या तत्त्वांत रुग्णाची ओळख पटवण्यासाठी नाव, वय, पत्ता, ई-मेल, फोन अशी यादी आहे. पत्ता आहे, पण आत्ता कुठे आहात, हे विचारायला त्या यादीत सांगितलेलं नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आचारसंहितेची पुन्हा मांडणी करील तेव्हा त्याने तीन गोष्टी यादीत घालाव्यात: रुग्ण आत्ता कुठे आहे, त्याच्याजवळ कोण आहे, आणि जवळचं रुग्णालय कोणतं. कॉलच्या सुरुवातीला डॉक्टरने त्या तोंडी विचाराव्यात आणि स्वतःच्या टिपणात लिहाव्यात. रुग्णाने स्वखुशीने लोकेशन पाठवलं तर घ्यावं. न पाठवल्याबद्दल कोणाचाही कॉल तोडू नये. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेला यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचं कारण नाही. आपल्याकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरांना एक पत्रक पाठवलं तरी काम सुरू होतं, आणि ते पत्रक येत्या गळीत हंगामाच्या आधी, टोळ्या गावातून निघण्यापूर्वी, निघायला हवं.