आहेराची चिकित्सा

नाताळ जवळ आला कीं लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दिव्यांची आरास होते. पहिल्या रस्त्यावर ती १९५४ सालीं सुरू झाली, दुसऱ्यावर १९५९ सालीं. गिऱ्हाईक यावें हा व्यापाऱ्यांचा हेतु उघड आहे; परंतु तेवढ्यानें ती पाहून होणारा आनंद हलका ठरतो, असें मला वाटत नाहीं. दुकानदाराचा दिवा रित्या खिशाच्या वाटसरूलाहि तितकाच उजेड देतो. आरास फिकी वाटली, तर तसें खुशाल म्हणावें.

ट्रफाल्गर चौकांतील झाडाची गोष्ट निराळी. १९४७ पासून ऑस्लो शहर तें लंडनला दरवर्षीं भेट देतें. १९४० मध्यें जर्मनीनें नॉर्वे जिंकला, तेव्हां राजा हाकोन व त्याचें सरकार यांना लंडननें थारा दिला. आणि त्या दिवसांत लंडनचे रस्ते स्वतःच बाँबच्या भयानें अंधारांत होते. त्या आश्रयाची ही जाण. २०२१ सालीं मात्र झाड विरळ फांद्यांचें निघालें, आणि लोकांनीं त्याची यथेच्छ टवाळी केली. (आपल्याकडे आहेराची चिकित्सा निदान पाहुणे गेल्यावर तरी होते!)

कोणी म्हणेल, आजच्या प्रेक्षकानें आश्रय दिलाहि नाहीं नि घेतलाहि नाहीं. त्याला झाड म्हणजे केवळ झाड. पण मग तो तेथें पाहावयास येतो तरी काय? उजेड तर रीजंट स्ट्रीटवर अधिक आहे. तें स्मरण वजा केलें कीं मागें लांकूड उरतें, आणि लांकडाच्या मापानें तें उणें ठरणारच. ऑस्लोनें पुढच्या वर्षींहि झाड पाठविलें.