व्रत कुणासाठी?

कबनूरला समुद्र नाही, यंत्रमागांची खडखड आहे. तरीही कोकणातली सुरमई बर्फात बसून घाट चढते आणि इचलकरंजीच्या बाजारात येते. आई तिच्या तुकड्यांना चिंचेचा कोळ, हळद आणि आमची कांदा-लसूण चटणी लावून रव्यात घोळवायची. तळायची मात्र परड्यातल्या चुलीवर, कारण वडील माळकरी. त्यांनी आम्हाला कधी अडवलं नाही. "जीव हाय त्यो, एवढं ध्यानात ठेवा," इतकंच म्हणायचे.

ते बोलणं अजून माझा पिच्छा सोडत नाही. श्रावण मी पाळते, पण तो माझ्या पुण्यासाठी. माशासाठी काय? आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, माशांना विणीसाठी उसंत मिळते. मला हेच खरं व्रत वाटतं. त्यात दुसऱ्याच्या जगण्याचा विचार आहे. सुरमई मीटरभराहून मोठी होते, पण पाटीत हातभरही न भरलेली दिसते, एकदाही अंडी न घातलेली. ती खाणं पापच, मग वार कुठलाही असो.

स्वस्त मिळाली तरी ती घेऊ नका.