पेशावरचं तिकीट

जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेचा विषय निघाला की बोलणं पेशवेपुत्र विश्वासरावांवर येतं आणि तिथंच संपतं. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या लढाईत त्यांना गोळी लागली. कथेतल्या जगात मात्र ती निसटती गेली, मराठे जिंकले आणि पुढचा सगळा इतिहास पालटला. माझं मन अडकतं ते आगगाडीत कथानायक गंगाधरपंतांना भेटलेल्या खानसाहेबांपाशी. कथेचं 'द अ‍ॅडव्हेंचर' हे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' पुस्तकात आहे. त्यात या गृहस्थांच्या वाट्याला जेमतेम काही ओळी येतात.

जिजामाता एक्स्प्रेस पुण्याहून मुंबईला निघाली आहे. लांब बोगद्यापलीकडे 'सरहद' नावाच्या लहानशा स्टेशनात ती थांबते आणि गणवेशातला एक अँग्लो-इंडियन परवाने तपासून जातो. इथून ब्रिटिशांचं राज्य सुरू, खानसाहेब माहिती देतात. पहिल्यांदाच निघालात वाटतं, अशी चौकशीही करतात. मग स्वतःचा बेत सांगतात: रात्री सेंट्रलवरून फ्रंटियर मेल, दिल्ली, लाहोर, परवा पेशावर. आणि धंद्याच्या गोष्टींत रमतात.

गंगाधरपंतांना पावलोपावली नवल वाटतं, खानसाहेबांना कशाचंच वाटत नाही. म्हणूनच ते जग खरं वाटतं. नायक त्या जगात बाहेरून आलेला असतो, तो फक्त प्रश्न विचारू शकतो. बदललेला इतिहास अंगवळणी पडलेला माणूस दाखवायचा तर दुय्यम पात्रच हवं. पानिपतावर अब्दाली हरल्याचं बखरीत वाचून पटतं. पण पेशावरला निघालेला एक खान पुण्याच्या गाडीत मोकळेपणानं गप्पा मारतो, तेव्हा त्या विजयातून काय निपजलं ते दिसतं. फाळणी झालीच नाही, हे लेखकाला वेगळं सांगावंच लागत नाही. वाघा इथली सरहद त्यांनी उचलून मुंबईच्या वेशीवर आणून ठेवली आहे.

यातली फ्रंटियर मेल मात्र कल्पनेतली नाही. १९२८ साली सुरू झालेली ही गाडी खरोखरच मुंबईहून पेशावरला जायची. १९४७ नंतर तिची धाव अमृतसरपर्यंतच उरली आणि १९९६ साली तिचं नाव गोल्डन टेंपल मेल झालं. आजच्या मुलांना खानसाहेबांचा प्रवास विज्ञानकथेतला चमत्कार वाटत असेल, तर त्यांच्या पणजोबांच्या पिढीचा साधा व्यवहार आपण त्यांना सांगायचा विसरलो आहोत. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

अकरावीला हा धडा शिकवणाऱ्यांना म्हणून एक विनंती. कथेत गंगाधरपंतांना राजेंद्र देशपांडे सांगतात तो क्वांटम सिद्धांत अवश्य समजावून सांगा, परीक्षेत त्यावर प्रश्न येतात. पण त्याआधी वर्गात अखंड हिंदुस्थानचा जुना रेल्वे नकाशा लावा आणि मुंबईपासून पेशावरपर्यंतची रेघ मुलांनाच ओढू द्या.